उठून जाण्याची मुभा

पांढुर्ण्याहून इटारसीकडे निघालेली गाडी तिगाव सोडले की घाटाला लागते. घाटाखालचा हा मुलूख कारभाराने मध्य प्रदेशातला आणि बोलीने वऱ्हाडाचा सख्खा शेजारी. कचेरीत हिंदी, चुलीपाशी मराठी, शेतात संत्री आणि कापूस. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून वेगळा जिल्हा झाला, तरी माणसांचे लग्नसंबंध आणि बाजारहाट पूर्वीसारखेच नरखेड-काटोलकडे वळलेले. अशा ठिकाणी ख्रिस्ती माणूस विरळाच. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशात ख्रिस्ती 0.29 टक्के, म्हणजे हजारात तीनसुद्धा भरत नाहीत. संख्या एवढी कमी असली की घर चहूबाजूंनी दिसते. रविवारी ते कुठे जातात, गणपतीची वर्गणी देतात का, प्रसाद हातात घेतात का, पोळ्याला बैल सजवतात का, मयताला शेवटपर्यंत थांबतात का, हे गाव बारकाईने पाहत असते. आणि त्या घराच्या पवित्र शास्त्रात तर स्पष्ट लिहिलेले आहे की मिळालेले शुभवर्तमान स्वतःपाशी ठेवायचे नाही, ते दुसऱ्यांना सांगायचे. ते सांगायचे कसे, किती आणि कोणाला, हा प्रश्न मुंबईच्या माणसाला सहज बाजूला ठेवता येतो. तिगावात तो रोज सकाळी दारात उभा असतो.

याचे एक सोपे उत्तर सगळ्यांना आवडते: श्रद्धा जगावी, बोलू नये. हिंदू शेजाऱ्याला ते आवडते कारण त्यात त्रास नाही. पुष्कळ ख्रिस्ती माणसांना आवडते कारण त्यात धोका नाही. आपल्याकडे याला पाठबळही आहे. गळ्यात माळ घातलेल्या माणसाने मटण-दारू सोडली नाही, तर माळ गळ्यातच राहिली, आत उतरली नाही असे गाव म्हणते. ख्रिस्ती माणसालाही तोच काटा लावला जातो आणि लावायलाच हवा. संत्रातोडीच्या मजुराला त्याच दिवशी मजुरी मिळाली का, बांधाच्या भांडणात भावाविरुद्ध खरे बोलला का, कापसाच्या मापात हात मारला का, यावर त्याच्या उपासनेची किंमत ठरते. एवढे मान्य करूनही मला हे उत्तर अपुरे वाटते. मुका चांगुलपणा लोक मुका राहू देत नाहीत, त्याचा अर्थ ते आपापल्या मनाने लावतात. कोणी म्हणतो स्वभावच गरीब, कोणी म्हणतो बाहेरून पैसा येत असेल, कोणी म्हणतो आज गोड वागतो आहे, उद्या बाप्तिस्म्याचे बोलेल. ज्याने सांगायचे त्यानेच तोंड मिटले की त्याच्या वागण्याचा अर्थ अफवा ठरवते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यावर नेमकी सूचना आहे: तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सांगायची तयारी ठेवा, आणि ते सौम्यपणे, आदराने सांगा. म्हणजे आधी वागणे, त्यावरून पडलेला प्रश्न, मग बोलणे. बोलणे त्यात आहेच.

मग प्रश्न उरतो तो बोलण्याच्या मर्यादेचा, आणि त्या प्रश्नाचा देशातला सर्वांत महत्त्वाचा निवाडा याच राज्यातून गेलेला आहे. संविधानाच्या 25 व्या कलमात धर्म आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. मध्य प्रदेशाने 1968 मध्ये जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध धर्म स्वातंत्र्य अधिनियम केला, त्याला रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी आव्हान दिले आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी या निकालावर बरीच टीका केली आणि त्यातली काही रास्त आहे, कारण जो ऐकतो त्याला पटून बदलण्याचा हक्क आहे की नाही, याकडे निकालात पुरेसे लक्ष गेले नाही. पण समजावून सांगणे आणि घडवून आणणे यांत फरक आहे, हे म्हणणे चुकीचे नाही. हा फरक बोलणाऱ्याच्या मनात डोकावून शोधता येत नाही. तो ऐकणाऱ्याच्या स्थितीत शोधावा लागतो. माझा मुद्दा एवढाच आहे: ज्याला सांगायचे त्याला काही न गमावता उठून जाता आले पाहिजे. तेवढी मुभा असेल तर तुम्ही हवे ते, हव्या तेवढ्या तळमळीने सांगा. नसेल तर तुमचे प्रेमळ शब्दही दडपण होतात.

मराठी ख्रिस्ती इतिहासात हा पेच सर्वांत उघडपणे मांडला गेला तो पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले हे सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे धर्म शिकवायचा नाही असे ठरलेले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, पवित्र शास्त्र वाचत, आणि खोलीचे दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. बोलावले कोणी नव्हते, अडवलेही नव्हते. पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या प्रसंगाची चर्चा अजूनही दोन टोकांनी होते. एकाला रमाबाई कपटी दिसतात, दुसऱ्याला रानडे-भांडारकर भित्रे. आमच्या भागातल्या दगडफेकीच्या गोटमारीसारखेच ते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि डोके फुटते ते मधल्या झेंड्याजवळ गेलेल्याचे. खरे तर दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. स्वतःच्या खोलीत दार लावूनच देवाचे नाव घ्या, असे कोणत्याही माणसाला सांगणे अपमानाचे आहे. रमाबाईंनी दार लावले असते तर तोच खोटेपणा ठरला असता. पण ज्या मुलीचे जेवण, अंथरूण आणि पुढचे सगळे आयुष्य त्या घरावर अवलंबून आहे, तिच्यासाठी उघडे दार पुरते उघडे नसते. ती आत आली ती ओढीने की कृतज्ञतेने, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आले नसते. बाहेर जायचे तर जाणार कुठे? ज्या समाजाने तिला बाहेर लोटले तो रस्त्यावर हसत उभा होता. रमाबाईंवर दगड मारणाऱ्यांनी हे दुसरे दार आधी उघडले असते तर पहिल्या दाराची एवढी चर्चाच झाली नसती.

उठून जाण्याच्या मुभेचा हाच नियम मिशनच्या संस्थांना लावला की आपल्या परिसराचा इतिहास वेगळा दिसू लागतो. 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, तिथून स्कॉटिश मिशन छिंदवाड्यात पोचले, जेम्स डॉसन यांनी गोंडीत शुभवर्तमान आणले, पुढे ते क्षेत्र स्वीडिश लुथरनांकडे गेले आणि मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लुथरन मंडळीचे मुख्यालय आजही छिंदवाड्यात आहे. या मंडळीचे पाढरचे रुग्णालय बैतूल-इटारसी रस्त्यावर आहे. डॉ. क्लेमंट मॉस यांनी 1958 मध्ये ते उभारले. पालकांना झेपेना म्हणून रुग्णालयानेच सांभाळलेल्या दोन जोडलेल्या बहिणींना 2012 च्या जूनमध्ये तिथे शस्त्रक्रियेने वेगळे केले गेले. देशापरदेशातून डॉक्टर आले होते. एक मुलगी पुढच्याच महिन्यात गेली, दुसरी जगली. असे काम पाहून माणसाच्या मनात प्रश्न आलाच तर तो स्वाभाविक आहे. तरीही मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी 1954 मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने ज्या गोष्टीवर बोट ठेवले ती नाकारता येत नाही. वैद्यकीय सेवेचा उपयोग थेट धर्मांतरासाठी करण्यावर कायद्याने बंदी असावी, अशी त्या समितीची एक शिफारस होती. समितीच्या अहवालातल्या पुष्कळ सरसकट विधानांशी माझे जमत नाही. परदेशी पैशाचा संशय तिने फार ताणला. या एका शिफारशीमागची भीती मात्र खरी आहे. खाटेवर पडलेल्या रोग्याला उठून जाता येत नाही. म्हणून रुग्णालयात, शाळेत, वसतिगृहात, मालकाने मजुराशी बोलताना तोंड सर्वांत कमी उघडावे. सेवा तिथे पूर्ण करावी आणि तिच्यावर कसलीही पावती मागू नये. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातला हुकूमही तसाच आहे: फुकट मिळाले, फुकट द्या.

यावर ख्रिस्ती वाचक म्हणेल, मग ‘जा आणि सांगा’ या आज्ञेचे काय? तुम्ही तर श्रोत्याच्या सोयीने शुभवर्तमान कापून देता. या आक्षेपाला उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. मार्काच्या दहाव्या अध्यायात एक धनवान माणूस येशूकडे येतो, उत्तर ऐकून खिन्न होतो आणि निघून जातो. येशूचे त्याच्यावर प्रेम होते असे तिथेच म्हटले आहे, तरी तो त्याच्या मागे धावला नाही आणि अटही सैल केली नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात बोलणे जड वाटून पुष्कळ शिष्य सोडून जातात, तेव्हा तो उरलेल्या बाराजणांना विचारतो की तुम्हालाही जायचे आहे का. शिष्यांना गावोगाव पाठवतानाही, जिथे ऐकून घेत नाहीत तिथून निघून या असेच सांगितले आहे. आज्ञा सांगण्याची आहे. ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याची नाही. ख्रिस्ती बोलीत सांगण्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात, आणि हा शब्द वापरणाऱ्यांनी तो कोर्टात जाऊन तपासून यावा. साक्षीदाराला खटला जिंकायचा नसतो, ते वकिलाचे काम. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच सांगायचे, उलटतपासणीला उभे राहायचे आणि निकाल दुसऱ्यावर सोडून घरी जायचे. गावात साक्षीदाराची साक्ष मानण्याआधी त्याचे चारित्र्य पाहतात, हे वेगळे सांगायला नको.

चंगाईच्या सभांचा प्रश्नही इथेच सुटतो. आजार बरा होईल असे वचन देऊन माणसे जमवणे हा आज प्रसाराचा सर्वांत गजबजलेला प्रकार आहे आणि सर्वांत जास्त तक्रारीही त्याच्याच. देवाकडे आरोग्य मागणे यात परके काही नाही. सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानापुढे दुखणेकरी माणसे याच आशेने आणून ठेवतात. शेजाऱ्याच्या तापलेल्या पोरासाठी ख्रिस्ती बाईने प्रार्थना केली तर त्यात गुन्हा नाही, उलट केली नाही तर शेजारधर्म कसला. पण बरे होण्याची हमी देणे ही साक्ष नाही, कारण उद्याची साक्ष कोणी देत नसतो. आणि औषध बंद करायला सांगणे हे तर सरळ पाप आहे, मग ते कोणत्याही देवाच्या नावाने असो.

आमच्या बाजूला हे कोडे एका अडाणी म्हणवणाऱ्या माणसाने फार पूर्वी कृतीने सोडवले होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसभर गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तन करायचे. खराट्याने रात्रीच्या बोलण्याला वजन यायचे, पण नुसता खराटा मारून बाबा पुढच्या गावी गेले नाहीत. कीर्तनात ते उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचे, आणि उत्तर समोरच्या गर्दीच्या तोंडून काढायचे. तेही अशा वऱ्हाडीत, की ती तिगावात दुभाष्याशिवाय कळावी. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका तर जाहीरच होती. कीर्तनाला आलेला माणूस कधीही उठून जाऊ शकत होता. गल्ली झाडून घेतल्याचे कसलेही ऋण त्याच्या डोक्यावर नव्हते, कारण झाडली ती सगळ्यांची. ख्रिस्ती माणसाला यात शिकण्यासारखे काही नाही असे ज्याला वाटते, त्याने ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांकडे पाहावे. कीर्तन आणि अभंग हे घाट त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेला लावले, ते उसने म्हणून नव्हे. ते त्यांचे घरचेच होते.

टिळकांच्या घरात तर या साऱ्याची परीक्षाच झाली. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. ताटातुटीनंतर त्या नगरला नवऱ्याकडे आल्या त्याही आपले सोवळे आणि वेगळी चूल घेऊन, आणि बाप्तिस्म्यापर्यंत पोचायला त्यांना पाच वर्षे लागली. त्या काळातल्या नवऱ्याच्या हाती बायकोवर कोणताही हुकूम चालवण्याची ताकद होती. टिळक स्वभावाने तापट, लहरी, घरातल्या पैशाअडक्याच्या बाबतीत तर बायकोला रडकुंडीला आणणारे, पण या एका बाबतीत त्यांनी वेगळी चूल मानली. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की त्या बदलल्या त्या कोणाच्या प्रवचनाने नव्हे. विटाळाच्या कल्पनेचा त्यांचा स्वतःशी चाललेला वाद एक दिवस संपला, एवढेच. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. मिशनऱ्यांना ते रुचण्यासारखे नव्हते. बेरजेच्या वहीत अशा माणसांसाठी रकाना नसतो.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. टिळकांसारख्या शिकल्यासवरलेल्या ब्राह्मण दांपत्याचे ठीक आहे, आदिवासी, दलित, बायका यांना मात्र कोणीही भुलवतो, म्हणून कायदा कडक हवा, असे म्हणतात. 2021 च्या मध्य प्रदेशातल्या नव्या कायद्यात अल्पवयीन मुलांबरोबरच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांच्या धर्मांतरासाठी शिक्षा वाढवलेली आहे आणि ज्याला धर्म बदलायचा त्याने 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे आहे. प्रलोभनाच्या व्याख्येत पैसा, नोकरी यांच्याबरोबर चांगले जीवनमान आणि दैवी कृपा यांचाही समावेश आहे. पैसा आणि नोकरी समजू शकते. दैवी कृपेचे आश्वासन न देणारा धर्म मात्र मला एकही माहीत नाही. त्या हिशेबाने पंढरपूरची वाटसुद्धा प्रलोभनाची ठरेल. आणि उठून जाण्याची मुभा पाहिजे म्हणताना बसून राहण्याची मुभा काढून घेता येत नाही. ज्या बाईला मतदानाला, दस्तावर सही करायला, संत्र्याची बाग ठेक्याने द्यायला अक्कल पुरते, तिला देव निवडताना ती पुरत नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे? लक्ष्मीबाईंना तर शाळेचे तोंडही माहीत नव्हते.

नियोगी समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. समितीचा अहवाल 1956 मध्ये आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यांच्यामागून बौद्ध झालेल्या नामवंतांत नियोगींचेही नाव होते. त्यांच्यावर टीका म्हणून हे सांगत नाही, उलट त्यांचा मान वाढवणारीच ही गोष्ट आहे. धर्मांतराची चौकशी करणाऱ्या माणसाने ऐकले, विचार केला आणि स्वतः धर्म बदलला. त्यांना कोणी भुलवले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे 60 दिवस आधी अर्ज द्यावा लागण्याचे ते दिवस नव्हते. जे माजी मुख्य न्यायाधीशाला मिळाले ते तिगावच्या मजुराला का मिळू नये, याचे उत्तर कायदा करणाऱ्यांनी द्यायचे आहे.

त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा गावात करण्यासारखे एक काम आहे. बांधावर, चहाच्या टपरीवर, बाजाराच्या दिवशी भेटणारी दोन माणसे एकमेकांच्या उपकाराखाली नसतात. हजारात तीनसुद्धा नसलेल्या ख्रिस्ती माणसाला तर कोणावर दडपण आणायची ताकदच नाही. श्रद्धेविषयी बोलायला याहून स्वच्छ जागा कोणत्याही संस्थेत सापडायची नाही. अडचण एवढीच की ख्रिस्ती माणूस आता भीतीने बोलत नाही आणि शेजारी संकोचाने विचारत नाही. तेव्हा सुरुवात शेजाऱ्याने करावी. तुमच्या आळीत असे घर असेल तर नाताळच्या फराळापुरते जाऊन परत येऊ नका. तुम्ही काय मानता, का मानता, आमच्या कोणत्या गोष्टी तुम्हाला पटत नाहीत, हे एकदा सरळ विचारा. पटले नाही तर चहा पिऊन उठा. विचारण्यावर अजून कोणत्याही कलमाने बंदी घातलेली नाही.